चौथ्या माणसाला कुणी विचारलंय का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात
(ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मी ४७ वर्षांची, दोन मुलांची आई. शिक्षण संपल्यावर सात वर्षं एका कंपनीत हिशेबाचं काम केलं. मुलगी दोन वर्षांची असताना धाकट्याची चाहूल लागली तेव्हा नोकरी सोडली, त्याला आता अठरा वर्षं होतील. कुणी जबरदस्ती केली नाही. यांनी मला कधीच कशाला अडवलं नाही, सगळी मोकळीक दिली.

मागच्या महिन्यात नातेवाईक जमले होते. मुलींच्या शिक्षणावरून बोलणं निघालं आणि मी म्हणाले, "मी काही स्त्रीवादी वगैरे नाही, पण मुलींनी स्वतःच्या पायावर उभं राहायलाच हवं." लेक तेव्हा गप्प बसली. रात्री खोलीत येऊन म्हणाली, "आई, तू जन्मभर पितृसत्तेची वकिली केलीस आणि वर सगळ्यांसमोर ते मिरवतेस." मी रडले, तीही रडली. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, "ताईला सगळे पुरुष वाईटच वाटतात." मला रात्र रात्र झोप लागत नाही. स्त्रीवादी म्हणजे नेमकं कोण? मी स्वतःच्या मर्जीने घर निवडलं, तर माझं काय चुकलं? मी माझं आयुष्य वाया घालवलं का?

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. तुमचं आयुष्य वाया गेलेलं नाही. दोन माणसं वाढवणं, अठरा वर्षं एक घर चालतं ठेवणं हे काम आहे, आणि ते तुम्ही पार पाडलं आहे. त्या दोघांतली एक तर अशी वाढली आहे की मोठ्यांना अवघड प्रश्न विचारताना ती कचरत नाही. बोलली ते कडू होतं, तुम्हाला लागलं, आणि लागणारच. पण असं बोलता येईल इतकं सुरक्षित तिला ज्या घरात वाटलं, ते घर तुम्हीच उभं केलंत.

एवढं सांगून मी थांबले तर मात्र तुमच्या पत्राला न्याय मिळणार नाही. तुम्ही नुसता धीर मागितलेला नाही, एका शब्दाचा अर्थ विचारला आहे. आणि तो विचारताना तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्यांच्याकडे आपण दोघी मिळून पाहू या.

"स्त्रीवादी वगैरे" असं तुम्ही म्हणालात. त्या "वगैरे"मध्ये बराच संकोच आहे, आणि तो तुमच्या एकटीचा नाही. ज्या फ्रेंच शब्दावरून ‘फेमिनिस्ट’ आणि मग ‘स्त्रीवादी’ आला, तो जन्मला तोच हिणवण्याच्या जवळपास. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तो वैद्यकात वापरला गेला, ज्या पुरुष रुग्णांत बायकी लक्षणं दिसतात त्यांच्यासाठी. आणि लगेचच बायकांच्या हक्कांची बाजू घेणाऱ्यांना नावं ठेवण्यासाठीही. पुढच्या दशकात उबर्तीन ओक्लेर या मताधिकारासाठी झगडणाऱ्या बाईंनी तो शब्द उचलला आणि मान वर करून स्वतःला लावून घेतला. म्हणजे दीडशे वर्षं झाली, हा शब्द कुणी शिवीसारखा वापरतं, कुणी अभिमानाने, आणि मधल्या असंख्य बायका "मी तशी नाही" म्हणत त्याच्या शेजारून जातात. तुम्ही त्या मधल्यांपैकी एक. पण तुमच्या वाक्यातला "पण" आठवा. त्या "पण"नंतर तुम्ही जे बोललात, तेच तर त्या सगळ्या जणी मागत होत्या.

आता अर्थाकडे येते. माझ्या समजुतीप्रमाणे स्त्रीवाद म्हणजे दोन गोष्टी मिळून. बाई हे पूर्ण माणूस आहे, हा विश्वास. आणि जग त्या विश्वासाप्रमाणे चालत नसेल तर ते नेमकं कुठे आणि कशामुळे अडतं, हे शोधत राहण्याची सवय. पहिल्या गोष्टीला सहसा कुणी हरकत घेत नाही. तुमचे जमलेले नातेवाईकही माना डोलावतील. वाद सुरू होतो दुसऱ्या गोष्टीपासून, कारण शोधायला लागलं की शोध फिरून आपल्याच उंबऱ्यावर येतो.

या अर्थात कुठल्याही बाईला गुण देण्याची सोय नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. नोकरी करणारी पास, घरी राहिलेली नापास, असा निकाल स्त्रीवाद लावत नाही. तो तपासतो ती मांडणी: कामाची वाटणी कशी झाली, पैसा कुणाच्या हातात राहिला, निर्णय कुणाला विचारून झाला. लेक चुकली ती इथे. मांडणीला विचारायचा प्रश्न तिने माणसाला विचारला, आणि त्यातही सगळ्यांत जवळच्या माणसाला. तुम्हीही तो माणसावरचा आरोप म्हणूनच ऐकलात आणि "माझं काय चुकलं" इथे येऊन थांबलात.

तुमची चूक शोधण्यात मला रस नाही. पण तुमच्या "मर्जी"बद्दल थोडं बोलायचं आहे.

आधी एवढं बघा, की ही मर्जी आली कुठून. फ्रान्समध्ये १९६५ सालच्या कायद्यानंतर विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरता आली आणि स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडता आलं. पश्चिम जर्मनीत तर १९७७ पर्यंत कायदाच सांगत होता की संसारातली कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने बाहेर काम करावं. नोकरी धरणंच जिच्या हातात नाही, तिने ती सोडली तर तिला मर्जी कसं म्हणायचं? तुम्ही आज जे "स्वतःच्या मर्जीने" म्हणता, ते दोन शब्द कुणीतरी आधी मिळवून ठेवलेले आहेत. स्वित्झर्लंडसारख्या देशात बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देता आलं ते १९७१ साली; न्यूझीलंडने ते १८९३ मध्येच दिलं होतं. मधली ७८ वर्षं कुणीतरी भांडतच होतं.

दुसरी बाजू जरा नाजूक आहे. "बाईने स्वतः निवडलं ना, मग ते स्त्रीवादीच" असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. निवडीचा मान राखायलाच हवा, पण त्या वेळी समोर वाटा किती होत्या हे विचारणं म्हणजे तिचा अपमान नव्हे. अठरा वर्षांपूर्वीचे ते महिने आठवा. घरात दुसरं मूल येणार, दोघांच्या नोकऱ्या झेपणार नाहीत, हे दिसलं. तेव्हा तुम्ही दोघं समोरासमोर बसून "आपल्यापैकी कुणी थांबायचं" असं बोललात का? की "तू किती दिवस करणार आहेस" एवढंच बोलणं झालं? तुमचा पगार कमी असेल तर तो कमी का होता? दोघांनी दोन-दोन वर्षं आळीपाळीने थांबावं, कमी वेळाचं काम घ्यावं, असं काही कुणाच्या मनात तरी आलं का? जो प्रश्न उमटलाच नाही, त्याचं उत्तर आपण निवडलं असं म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

हे तुमच्याच घरात झालं असंही नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा माग काढण्यासाठी. त्यांनी दाखवून दिलं की आजच्या श्रीमंत देशांत एकाच पेशातल्या बाई-पुरुषांच्या कमाईत जी दरी दिसते, ती मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर पडते. असंख्य जोडपी त्याच वळणावर येतात, त्याच बाजूला वळतात, आणि हा आपला खासगी निर्णय होता असं प्रत्येक घराला वाटतं. तुम्ही तुमच्या परिस्थितीत शहाणपणाने वागला असाल, माझी खात्री आहे. पण शहाणपणाने वागणं आणि मोकळेपणी निवडणं यांत फरक असतो, आणि तो फरक मान्य केल्याने तुमच्या अठरा वर्षांची किंमत कणभरही कमी होत नाही.

"यांनी सगळी मोकळीक दिली" हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते प्रेमाने लिहिलेलं आहे, आणि तुमचे यजमान चांगले असणार यात मला शंका नाही. प्रश्न त्या क्रियापदाचा आहे. मोकळीक ज्याच्याकडे असते तो ती देतो. तुम्ही त्यांना नोकरी करायची मोकळीक दिलीत, असं वाक्य तुमच्या घरात कधी कुणाच्या तोंडून आलंय का? खरं पाहता दिली आहेच की तुम्ही. रात्री उशिरापर्यंत थांबायची, परगावी जायची, मूल तापाने फणफणलेलं असताना कामावर लक्ष ठेवायची मोकळीक. अठरा वर्षं. तिला कुणी मोकळीक म्हटलं नाही, एवढंच.

तुम्ही हिशेबातल्या, म्हणून तुम्हाला ही गोष्ट माझ्यापेक्षा लवकर कळेल. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग १९७५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी खासदार झाल्या आणि पुढे सरकारी खर्चाची छाननी करणाऱ्या संसदीय समितीच्या अध्यक्ष. देशाचं उत्पन्न कसं मोजतात हे खोलात पाहताना त्यांच्या ध्यानात आलं की घरात बिनपगारी केलेलं काम त्यात धरलंच जात नाही. बाई दिवसभर राबली तरी राष्ट्रीय हिशेबात ती बिनकामाची. १९८८ मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं आणि अर्थतज्ज्ञांना त्याची दखल घ्यावी लागली. मोजायला सुरुवात झाल्यावर आकडे आले ते असे: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालाप्रमाणे जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी घरकाम आणि देखभालीत जातात, आणि त्यांतले ७६.२ टक्के तास बायकांचे असतात.

कुणी विचारलं की "काय करता?" तर तुम्ही काय उत्तर देता? "काही नाही, घरीच असते," हेच ना? माझी आईही हेच म्हणायची. जे काम केलं तरी नोंदीत येत नाही, त्याला शेवटी करणारीसुद्धा "काही नाही" म्हणायला लागते. आइसलँडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी एक दिवस सगळं थांबवून पाहिलं, कचेरीतलंही आणि घरातलंही. जवळपास ९० टक्के जणी त्यात उतरल्या. बापांना मुलं घेऊन कामावर जावं लागलं. पुढच्याच वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा आला. काम थांबवणाऱ्यांत घरी असणाऱ्या बायकाही होत्या, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या दिवशी कुणी कुणाला "तू खरी की मी खरी" असं विचारत बसलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे तिथे येते. तुमचं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यात एक माणूस शोधायला लागले. तुम्ही आहात, रडताय. लेक आहे, रागावली आहे. मुलगा आहे, बिथरलाय. घरात माणसं चार. चौथा माणूस एका ओळीत येतो, "अडवलं नाही" असं प्रमाणपत्र घेतो आणि निघून जातो. मूल दोघांचं, घर दोघांचं, नोकरी कुणी सोडायची हा प्रश्नही दोघांचा. आणि अठरा वर्षांनी त्याचा जाब विचारला गेला तेव्हा आरोपी तुम्ही, फिर्यादी तुमची मुलगी, आणि तुमच्या यजमानांना साधं साक्षीलाही कुणी बोलावलं नाही. ते त्या रात्री कुठे होते, हेसुद्धा पत्रात नाही.

हे पाहिलं आणि मला ताराबाई शिंदे आठवल्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. पण तेवढ्यात वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालचलणुकीवर टीकेचा भडिमार झाला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असं त्यांनी एकेक दोष घेऊन विचारलं. सगळं गाव एका बाईकडे बोट दाखवत असताना त्यांनी बोटाची दिशा बदलली. पुस्तकाच्या नावातला "तुलना" हा शब्दच मला स्त्रीवादाची सगळ्यांत नेमकी व्याख्या वाटत आला आहे. एखादी गोष्ट बाईला विचारली जात असेल, तर तीच पुरुषाला विचारली जाते का, एवढं ताडून पाहायचं.

तुमच्या घरात ते ताडून पाहायचं राहून गेलंय. लेकीच्या रागामागचा प्रश्न तुमच्यासाठी होता, "तू नोकरी का सोडलीस?" बाबांना तिने कधी विचारलंय का, "तुम्ही का नाही सोडलीत?" हा प्रश्न भांडायला म्हणून विचारायचा नाही. मला खरोखर वाटतं की त्यांनाही त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही असेल. एकट्याच्या पगारावर घर ओढायची धास्ती, मुलं झोपल्यावर घरी पोहोचण्याची सल. तेही कुणी ऐकलेलं नाही.

मग करायचं काय? लेकीपासून सुरुवात करा, आणि ती लवकर करा. वेळ जाईल तसं हे मौन घट्ट होईल. तिच्यासमोर स्वतःचा बचाव करू नका. "तुला काय कळतंय" तर चुकूनही नको. तिला ती गोष्ट सांगा. नोकरीचा शेवटचा दिवस कसा होता, वह्या कुणाच्या हवाली केल्या, घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात काय वाटलं, कशाची सुटका झाली, काय तुटलं. सात वर्षं नोकरी करणारी ती बाई तिने पाहिलेलीच नाही. ती दोन वर्षांची होती. तिला फक्त त्यानंतरची आई माहीत आहे आणि ती आई आधीपासून अशीच होती असं तिला वाटतंय.

मी तेवीस वर्षांची असताना माझ्या आत्याला जवळपास हेच ऐकवलं होतं. वाचन नुकतंच सुरू झालं होतं, डोक्यात नवे शब्द होते, आणि शब्द नवे असताना माणूस ते सगळ्यांवर लावून बघतो. आत्या गप्प बसली. तिच्यापुढे तेव्हा कोणकोणत्या वाटा होत्या, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. तुमच्या मुलीवर ही वेळ येऊ नये म्हणूनही सांगते, ती विचारेल याची वाट बघू नका.

तिचं बोलणं लागलं, हेही तिला सरळ सांगा. आईने सोसलं पाहिजे हा नियम मोडायचा असेल तर तो आधी इथे मोडा. आणि तिला एक प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे: तुझ्या अभ्यासाला, सभांना, वाचनाला जो वेळ मिळाला, त्या वेळेत तुझे कपडे कोण धूत होतं? हा टोमणा म्हणून नको, खरंच विचारा. तुमच्याकडे पगारी बाई कामाला येत असेल तर प्रश्न तिच्यापर्यंतही न्या. एकीचं मोकळं होणं दुसरीच्या स्वस्त कष्टांवर उभं असतं का, हा स्त्रीवादातला जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली दाखवलं की ज्या बाईवर वंशाचा आणि बाईपणाचा असा दुहेरी भार असतो, तिचं दुःख कुठल्याच एका चौकटीत मावत नाही. जात आणि गरिबी यांचंही तसंच आहे. लेक शिकते आहे, तिला हे वाचायला आवडेल. तुम्हीही वाचा, तिच्याकडून मागून घ्या. दोघींना बोलायला त्यातून एक निमित्त मिळेल.

मुलाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सतराव्या वर्षी "सगळे पुरुष वाईट" असं ऐकू आलं तर तो कान बंद करणार. त्याला व्याख्यान देऊ नका. एक गोष्ट सांगा. १९४८ सालच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या इंग्रजी मसुद्यात पहिल्या कलमाच्या सुरुवातीला "मेन" हा शब्द होता; त्याचा अर्थ माणसं असाही होतो आणि पुरुष असाही. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांनी आग्रह धरला आणि "सर्व मानव" अशा अर्थाचा शब्द आला. त्यात त्यांनी कुठल्या पुरुषाला वगळलेलं नाही. तुमचा मुलगाही त्या शब्दात बसतो. स्वीडनने १९७४ मध्ये बाळाच्या संगोपनाची पगारी रजा आईबरोबर बापालाही खुली केली, त्यामागेही हाच विचार होता. बापालाही बाळ हवं असतं, हे कायद्यात लिहायला कुणाला तरी बायकांच्या बाजूने भांडावं लागलं.

आणि मग त्याला काम द्या. मदत नव्हे, काम. "आईला मदत कर" या वाक्यात काम आईचंच राहतं. एखादी गोष्ट पूर्ण त्याच्या नावावर करा: काय संपलंय ते बघणं, आणणं, करणं, विसरला तर त्याचा त्रास भोगणं. तुम्ही आठवण करून द्यायची नाही. हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जड जाईल, मी आधीच सांगते. पहिले काही आठवडे घर विस्कटेल आणि तुमचे हात शिवशिवतील. सांभाळा.

यजमानांशी बोलायला तुम्ही एकट्याच बसा, मुलं नंतर. आरोपाच्या सुरात नको, आणि "तुम्ही रागावणार नसाल तर" अशी प्रस्तावनाही नको. "तेव्हा आपण हे असं का ठरवलं, तुम्हाला काय आठवतं?" एवढं पुरे. मग थांबा. त्यांना उत्तर सुचायला वेळ लागेल, कारण त्यांना हे आजवर कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही स्वतःच त्यांच्या वतीने उत्तर द्यायला लागाल. तसं करू नका.

पैशाचं वेगळं बोला, आणि ते भावनेत मिसळू देऊ नका. तुम्ही हिशेबात सात वर्षं काढलीत. घरात काय आहे, कुठे आहे, कुणाच्या नावावर आहे, कर्ज किती, विमा कुणाला मिळेल, याची एक वही तुमच्या हाताने तयार करा. राहत्या घराच्या कागदांवर तुमचं नाव आहे का ते पाहा. म्हातारपणासाठी तुमच्या एकटीच्या नावाने काही बाजूला पडतंय का? नसेल तर अठरा वर्षांच्या संसारातून उरलेल्या शिलकीत तुमचा वाटा किती, हे दोघांनी मिळून ठरवा. हे मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं बऱ्याच चांगल्या बायकांना वाटतं. मग यजमानांच्या नावाने पैसे असणं हा तुमच्यावरचा अविश्वास आहे, असं त्यांना कधी वाटलं का? इथेही ताराबाईंची तुलना लावून बघा.

पुन्हा नोकरी करावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी ते पत्राच्या कडेकडेने फिरतंय. करावीशी वाटत असेल तर जरूर करा. हिशेबाचं काम बरंच बदललंय, पण जमाखर्चाची समज शिळी होत नाही. फक्त लेकीला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी नको. तुम्ही घरीच राहायचं ठरवलंत, आणि या वेळी ते दोघांनी समोर बसून, पैसा आणि वेळ यांची वाटणी बोलून ठरवलंत, तर त्या घरात राहण्याचा अर्थ वेगळा असेल.

हे वाचणाऱ्या आणखी काही जणींसाठी थोडं लिहिते. या ताईंच्या घरात बोलता येतं, म्हणून मी बोलायला सांगते आहे. तुमच्या घरात नवरा पैसे काढून घेत असेल, बाहेर पडू देत नसेल, हात उगारत असेल, तर "तेव्हा आपण हे का ठरवलं" असं विचारायला बसू नका. आधी विश्वासातल्या एका माणसाला सगळं सांगा, कागदपत्रं सुरक्षित जागी ठेवा आणि बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्या. आणि जे पुरुष इथवर वाचत आलेत, त्यांनी बायकोने विचारायची वाट पाहू नये. हा प्रश्न तुम्हालाही आधी काढता येतो.

ताई, पुन्हा नातेवाईक जमतील तेव्हा तुम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणायलाच हवं असं नाही. तो शब्द अंगावर यायचा तेव्हा येईल, नाही आला तरी तुमच्या मताला कमीपणा येत नाही. निदान "वगैरे" तेवढं काढून टाका. "मुलींनी स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं" हे वाक्य पुढे माफीचा शब्द न लावता, तसंच्या तसं बोला. लेक तिथे बसलेली असेल, तिला फरक ऐकू येईल.

आणि यजमानांना तो प्रश्न या आठवड्यातच विचारा. ते काय म्हणाले, मला जरूर कळवा.